विंच घेताय? आधी खुंटा शोधा!

फोर-बाय-फोर गाडी दारात आली की पुढचं स्वप्न असतं बंपरवरच्या विंचचं. पण आकडा मोठा म्हणजे विंच भारी, असं खरंच असतं का? सीनाकाठच्या काळ्या रानात रुतलेल्या एका जीपपासून भवानी पेठेतल्या गॅरेजपर्यंत केलेली ही शोधाशोध...

साखळी तुटते तेव्हा किती मोठा आवाज येतो, हे मला गेल्या ऑक्टोबरपर्यंत माहीत नव्हतं.

मामाचं रान मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या काठच्या गावांचं काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाणी ओसरलं, पण रानाकडं जाणारा रस्ता रस्ता राहिला नाही. दिवाळीच्या आसपास माझा मामेभाऊ त्याची जुनी फोर-बाय-फोर जीप घेऊन मोटारीचा पाइप बघायला निघाला. मी त्याला दादाच म्हणते. मी मागं बसले होते. वरून रान वाळल्यासारखं दिसत होतं. वरचा पापुद्रा फुटला आणि पुढची दोन्ही चाकं आत गेली. दादानं रेस दिली, तशी मागचीही गेली. दोन मिनिटांत जीप पोटावर बसली.

शेजारच्या रानातला ट्रॅक्टर आला. साखळी बांधली. ट्रॅक्टरनं पहिला हिसका दिला, जीप हलली नाही. दुसरा हिसका दिला आणि बार उडाल्यासारखा आवाज झाला. साखळीचा हुक जीपच्या काचेच्या चौकटीवर आदळून पलीकडं पडला. मामा तिथून हातभर अंतरावर उभे होते.

त्या रात्री जेवताना कुणी फार बोललं नाही. मामी एवढंच म्हणाली, "जीप काय, उद्या निघाली असती."

दुसऱ्या दिवशी दादानं जाहीर केलं, "विंच घ्यायची."

विंच म्हणजे नेमकं काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विंच म्हणजे गाडीच्या पुढच्या बंपरवर किंवा त्याच्या मागं बसवलेलं एक मजबूत रीळ. त्याला गाडीच्या बॅटरीवर चालणारी मोटर आणि गिअर असतात. रिळावर २५-३० मीटर दोर गुंडाळलेला असतो. दोराचं टोक समोरच्या झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला अडकवायचं, रिमोटचं बटण दाबायचं. रीळ फिरतं, दोर गुंडाळला जातो आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढत बाहेर येते.

ट्रॅक्टरच्या हिसक्यात आणि विंचमध्ये हाच मोठा फरक आहे. हिसका बसला की साखळीवर एका क्षणात प्रचंड ताण येतो. विंच मात्र मिनिटाला जेमतेम मीटर-दोन मीटर अशा वेगानं, सावकाश ओढते. आपल्या आजोबांच्या पिढीनं विहिरीवरची मोट पाहिलेली आहे. बैल धावेवरून हळूहळू उतरायचे, नाडा ताणला जायचा आणि पाण्यानं भरलेली मोट वर यायची. तत्त्व तेच.

मोटर लावून हे काम करणाऱ्या विंचचा इतिहासही जीपच्याच मागं चालत आलाय. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये कंपनी काढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी जीपसाठी चाकांचे लॉकिंग हब बनवायला. याच कंपनीनं १९५९ मध्ये हौशी गाड्यांसाठी इलेक्ट्रिक विंच आणली. तिचं '८२७४' हे मॉडेल ऑफ-रोडवाल्यांमध्ये आजही नावाजलेलं आहे. नावातच जन्मपत्रिका आहे: ८ हजार पाउंडांची ताकद आणि साल १९७४.

आमच्या पुरवणीच्या मीटिंगमध्ये मी हा विषय सांगितला तेव्हा पहिला प्रश्न आला, "सोलापुरात विंच कोण घेतो गं?" प्रश्न बरोबर होता. पण २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली, आणि एमएच १३ पासिंगच्या फोर-बाय-फोर आता आपल्याही रस्त्यांवर दिसतात. शिवाय आपल्याकडं गाडी रुतायला डोंगर लागत नाही. काळी माती पुरते.

१३ हजार पाउंड!

दादाचं संशोधन मोबाइलवर रात्री बारापर्यंत चालायचं. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "मिळाली. तेरा हजार पाउंड. हत्ती पण निघंल त्यानं."

मी विचारलं, "पाउंड म्हणजे किती किलो?"

तो गप्प. मग म्हणाला, "लय."

एक पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. म्हणजे १३ हजार पाउंड झाले जवळजवळ ५ हजार ९०० किलो. आता जगभर वापरला जाणारा साधा नियम असा: माणसं, सामान, डिझेल, स्टेपनी धरून भरलेल्या गाडीचं जे वजन होईल, त्याच्या किमान दीडपट ताकदीची विंच घ्यावी. रिकाम्या गाडीचं वजन धरायचं नाही.

दादाची जीप भरून साधारण दोन टन. दीडपट म्हणजे तीन टन, म्हणजे सुमारे ६ हजार ६०० पाउंड. बाजारात यानंतर येणारी मापं ८ हजार आणि साडेनऊ हजारांची. जिम्नीसारखी हलकी गाडी भरून दीड टनाच्या आसपास जाते, तिला ५-६ हजार पाउंडसुद्धा चालतात. तेरा हजारांची विंच दादाच्या जीपच्या गरजेच्या दुप्पट होती.

"मग जास्त घेतली तर बिघडलं काय?" दादाचा प्रश्न. बिघडतं. मोठी विंच जड असते. मधल्या मापाचीच विंच स्टीलच्या दोरासकट ३५-४० किलो भरते आणि तिच्यासाठी लागणारा पोलादी बंपर वेगळा. हे सगळं ओझं पुढच्या ॲक्सलवर, तेही कायमचं. म्हणजे चिखलात आधी रुतणारं गाडीचं नाक आपण स्वतःच आणखी जड करायचं. शिवाय मोठी मोटर बॅटरीही जास्त खाते. आणि किंमत? साध्या विंच पंचवीस-तीस हजारांपासून दिसतात, नावाजलेल्या कंपन्यांच्या लाखाच्या वर जातात. बंपर आणि फिटिंगचे पैसे वेगळे.

खोक्यावरचा आकडा कधी खरा असतो?

इथून खरी गंमत सुरू झाली. खोक्यावर छापलेली ताकद ही रिळावर दोराचा एकच थर उरलेला असतानाची असते. दोराचा एकावर एक थर चढत जातो, तसं रीळ जाड होतं आणि ओढण्याची ताकद कमी होते. दोर पूर्ण गुंडाळलेला असेल, तर वरच्या थरावर तीस-चाळीस टक्के ताकद गेलेली असते. म्हणजे ८ हजारांची विंच, जवळच्याच झाडाला दोर लावला तर, पाच हजारांचंच काम करते.

याचा सरळ अर्थ: जवळचा खुंटा मिळाला म्हणून खूश व्हायचं नाही. शक्य असेल तर लांबचा खुंटा घ्यायचा आणि जास्तीत जास्त दोर सोडायचा. पण पूर्णही सोडायचा नाही. स्टीलच्या दोराचे किमान पाच वेढे आणि सिंथेटिकचे आठ-दहा वेढे रिळावर राहिलेच पाहिजेत. नाहीतर दोर रिळावरून सुटून येतो.

दुसरी गोष्ट चिखलाची. अमेरिकी लष्कराच्या गाड्या बाहेर काढण्याच्या पुस्तिकेत एक सोपा हिशेब दिलेला आहे. चाकं बुडेपर्यंत गाडी रुतली असेल, तर ती ओढायला तिच्या वजनाइतकी ताकद लागते. मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट. त्याच्याही वर गेली असेल तर तिप्पट.

दादाची जीप त्या दिवशी पोटावर बसली होती, मडगार्डला चिखल लागला होता. दोन टनांची दुप्पट चार टन, म्हणजे ८ हजार ८०० पाउंड. म्हणजे दीडपटीचा नियम पाळून घेतलेली ८ हजारांची विंच त्या दिवशी अडकलीच असती!

मी हे फोनवर सांगितलं तर दादा म्हणाला, "मी तेच म्हणतोय ना, तेरा हजारांची घेऊ."

शाळेतली कप्पी

उत्तर मात्र आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं. कप्पी!

दोराचं टोक थेट झाडाला न बांधता झाडाला एक कप्पी लावायची. दोर तिच्यातून वळवून परत आणायचा आणि टोक आपल्याच गाडीच्या मजबूत हुकात अडकवायचं. आता गाडीला दोराचे दोन पदर ओढतायत. ताकद जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. ऑफ-रोडवाले या कप्पीला 'स्नॅच ब्लॉक' म्हणतात. तिची एक बाजू उघडते, त्यामुळं दोर मधूनच आत घालता येतो. आणखी एक फायदा म्हणजे दोर दुप्पट लागत असल्यानं रिळावरचे वरचे थर आपोआप मोकळे होतात. तिथंही ताकद वाढते.

म्हणजे ८ हजारांची विंच आणि एक चांगली कप्पी यांनी दादाची जीप निघाली असती. कप्पीची किंमत विंचच्या किमतीपुढं किरकोळ आहे.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची. दोन पदर म्हणजे खुंट्यावरही दुप्पट ताण. त्यामुळं कप्पी लावणार असाल तर खुंटा तेवढाच पक्का हवा. या खुंट्याकडं परत यायचंच आहे.

दोर कुठला? पप्पांना विचारलं

विंचच्या दोराचे दोन प्रकार. एक पोलादी वायररोप, दुसरा सिंथेटिक. सिंथेटिक म्हणजे साधी नायलॉनची दोरी नव्हे. हा खास प्रकारच्या पॉलिथिलीनच्या तंतूंचा दोर असतो. डायनिमा हे त्यातलं प्रसिद्ध ब्रँड नाव. तेवढ्याच ताकदीच्या पोलादी दोरापेक्षा तो कितीतरी हलका असतो. पाण्यावर तरंगतोसुद्धा.

भवानी पेठेत राहणाऱ्या माणसाला धागा कळायला कॉलेजात जावं लागत नाही. आमच्या गल्लीत सकाळ मागाच्या खटखटीनंच होते. पप्पा यंत्रमागावर जॉबर आहेत, माग बिघडला की त्यांना हाक येते. गॅरेजवाल्या चाचांकडून आणलेला सिंथेटिक दोराचा वीतभर तुकडा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, पीळ मोकळा केला, नखानं एक तंतू ओढला.

"ही वेणी घातलीय," ते म्हणाले. "चांगलाय. पण घासू देऊ नका. सूत ओढून कमी तुटतं, घासून जास्त."

पप्पांनी विंच कधी पाहिलेली नाही, पण बोलले ते अगदी मुद्द्याचं. सिंथेटिक दोराचा शत्रू म्हणजे घर्षण. दगडाची धार, बंपरची धार आणि दोरात शिरलेली वाळू. दोर चिखलात लोळला की माती आत जाते आणि प्रत्येक ओढीला आतून तंतू कापते. म्हणून वापरल्यावर तो साध्या पाण्यानं धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. ऊनही त्याला मानवत नाही, आणि सोलापूरच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू? झाकण हवंच. शिवाय हा दोर दीडशे अंशांच्या आतबाहेर वितळतो. ब्रेक रिळाच्या आत असलेल्या विंचमध्ये रीळ तापतं, तेव्हा दोर सोडताना घाई नको.

पोलादी दोर रांगडा. दगडावर घासला तरी लगेच काही होत नाही, स्वस्तही पडतो. पण त्याच्या तुटलेल्या तारा हातात घुसतात, म्हणून चामडी हातमोजे सक्तीचे. आणि तुटला तर तो चाबकासारखा येतो. सिंथेटिक दोर हलका असल्यानं तुटल्यावर त्याच्यात तेवढा जोर नसतो. पण टोकाला लोखंडी हुक असेल तर तो उडतोच. मामांच्या शेजारून गेलेला हुक आम्ही विसरलेलो नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. दोर ताणण्याआधी त्याच्या मधोमध काहीतरी जड टाकायचं. दोर तुटलाच तर ते त्याला खाली पाडतं. यासाठी तयार वजनदार पट्टे मिळतात, पण ओलं पोतं किंवा जाड चादरही चालते. जाड चादरीसाठी सोलापूरकरानं दुकान शोधायची गरज नाही!

दोर बदलला तर तो ज्यातून बाहेर येतो तो भागही बदलायचा. पोलादी दोराला चार रोलरची चौकट लागते, सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमची खिडकी. पोलादी दोरानं ओरखडलेल्या जुन्या रोलरमधून सिंथेटिक दोर चालवला तर पप्पांचं वाक्य खरं व्हायला वेळ लागणार नाही.

"पैले बॅटरी दिखाव, बेटा"

आमच्या पेठेतल्या गॅरेजवर दादाला घेऊन गेले तेव्हा चाचांनी विंचचा फोटो बघितलाच नाही. बॉनेट उघडायला लावलं.

"पैले बॅटरी दिखाव, बेटा."

कारण असं की, पूर्ण ताणात असलेली विंच ४०० अँपिअरच्या आसपास करंट ओढते. अंदाज यावा म्हणून सांगते, साधे हॅलोजन हेडलाइट दोन्ही मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. जुन्या जीपचा अल्टरनेटर विंचला लागणाऱ्या करंटच्या पाव हिस्साही देत नाही. उरलेला सगळा भार बॅटरीवर. ६५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर सलग पाच मिनिटांच्या पूर्ण ओढीत ती निम्मी रिकामी होऊ शकते. मग गाडीही चिखलात आणि सेल्फही मेलेला.

चाचांनी चार गोष्टी सांगितल्या. विंच चालवताना इंजिन चालू ठेवायचं. सलग ओढायचं नाही. थोडं ओढायचं, थांबायचं, मोटरला हात लावून बघायचा, मग परत. वायर थेट बॅटरीला, भरपूर जाड, आणि मध्ये बंद करायचा स्विच असलाच पाहिजे. चौथी गोष्ट त्यांनी दादाच्या बॅटरीवर बोट ठेवून सांगितली, "ये बदल. इसपे विंच नहीं, हॉर्न बजेगा."

मोटरच्या बाबतीत खोक्यावर 'सीरिज वाउंड' आणि 'परमनंट मॅग्नेट' असे दोन प्रकार दिसतील. दुसरी करंट कमी घेते, पण लवकर तापते. हलक्या, अधूनमधून होणाऱ्या कामाला ती ठीक, मोठ्या ओढीला पहिलीच बरी. पाण्याधुळीपासून संरक्षणासाठी आयपी ६७ किंवा त्याच्या वरचं मानांकन बघा. यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. पण हे सगळं बॅटरीनंतर.

खुंटा कुठंय?

हे सगळं झाल्यावर मी आणि दादा परत त्याच जागेवर गेलो, जीप रुतली होती तिथं. हातात टेप. प्रश्न एकच होता: विंच असती तर दोर बांधला कशाला असता?

आजूबाजूला ज्वारी पेरायची मोकळी रानं. सगळ्यात जवळची लिंबाची झाडं ६० मीटरवर, बांधाला. विंचचा दोर २८ मीटरचा. कप्पी लावली तर १४ मीटरचाच पल्ला. मध्ये उभा होता तो फक्त विजेचा खांब. त्याला दोर लावायचा विचारसुद्धा करायचा नाही. खांब वाकला तर तारा अंगावर येतात. विहिरीचा कठडा, ठिबकचं फिल्टर बसवलेला लोखंडी अँगल, कुंपणाचा दगडी खांब, यातलं काहीच दोन टनांची गाडी ओढायच्या कामाचं नाही.

विंचच्या जाहिरातींमध्ये कायम जंगल असतं. गोव्यात २०१४ पासून 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' या मूळच्या मलेशियातल्या स्पर्धेची भारतीय आवृत्ती सुरू झाली, तीही पावसाळ्यात. तिथं ड्रायव्हर गाडीत बसतो आणि सहचालक चिखलातून दोर घेऊन पळतो, झाड शोधतो, पट्टा बांधतो, कप्पी लावतो. म्हणजे तिथंही निम्मं काम खुंटा शोधण्याचं. पण तिथं झाडं आहेत. आपल्या रानात झाड लांब आणि माती अशी, की पावसाळ्यात पहार ठोकली तर हातानं उपसून येईल.

मग आपल्याकडं खुंटा म्हणून काय? तीन पर्याय सापडले.

एक, झाड असेल तर झाडच. पण दोर किंवा साखळी थेट बुंध्याला गुंडाळायची नाही. साल कापली जाते, झाड मरतं आणि दोरही खराब होतो. त्यासाठी रुंद पट्टा मिळतो. तो जमिनीलगत बांधायचा. आणि अंतर जास्त असेल तर जोडायला वेगळा लांब पट्टा जवळ ठेवायचा. आमच्या ६० मीटरला हेच उत्तर होतं: पुरेसा लांब जोडपट्टा विंचपेक्षा आधी घ्यायचा होता.

दोन, दुसरी गाडी. ट्रॅक्टर हिसका द्यायला नको, नुसता उभा राहायला हवा. कोरड्या, कठीण जागेवर, ब्रेक लावून, चाकांना दगड लावून. त्या दिवशी आमच्याकडं ट्रॅक्टर होता. तो पळवण्याऐवजी उभा केला असता तर?

तीन, स्टेपनी पुरायची. चाक उभं मावेल एवढा म्हणजे तीनेक फूट खोल, गाडीकडं आडवा असा खड्डा खणायचा. चाक गाडीकडं तोंड करून उभं ठेवायचं, मधल्या भोकातून पट्टा काढायचा आणि माती टाकून तुडवायची. पट्टा वर न ओढला जाता सरळ जावा म्हणून त्याच्यासाठी पुढं उतरती चर काढायची. घाम काढणारं काम आहे, पण मोकळ्या रानात दुसरं काही नसतं.

कायदा काय म्हणतो?

हा भाग दुकानदार सहसा सांगत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून गाड्यांच्या पुढं लावलेल्या क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम ५२ चा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरोधात जाणारे बदल गाडीत करता येणार नाहीत, असा निकाल दिला. मालकानं असा बदल केला तर दंडाची आणि कैदेचीही तरतूद कायद्यात आहे.

कारणंही पटण्यासारखी आहेत. पोलादी बंपर पादचाऱ्याला जास्त इजा करतो, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत धडकेचा अंदाज घेणाऱ्या सेन्सरचं काम बिघडवू शकतो. म्हणून विंचसाठी बंपर बदलण्याआधी दोन ठिकाणी विचारा: आरटीओत आणि तुमच्या विमा कंपनीत. लेखी उत्तर मिळालं तर उत्तम.

शेवटी दादानं काय घेतलं?

विंच नाही घेतली. निदान अजून तरी.

त्यानं आधी बॅटरी बदलली. मग एक रुंद पट्टा, ३० मीटरचा जोडपट्टा, ताकद कोरलेल्या दोन शॅकल, एक कप्पी, हातमोजे आणि एक चांगलं फावडं घेतलं. आणि जुन्या मशिनरीच्या दुकानातून हातानं चालवायचं टिरफोर. हे तरफेवर चालणारं यंत्र आहे. दांडा पुढंमागं केला की वायररोप इंचाइंचानं सरकतो. त्याचं १६०० किलो ओढणारं मॉडेल १८-२० किलोचं असतं. बॅटरी लागत नाही, बंपर कापावा लागत नाही, आणि गाडीच्या पुढं, मागं, कुठंही लावता येतं. कप्पी लावली की तीन टनांच्या पुढं. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ताण जास्त झाला तर दांड्यातली छोटी पिन तुटते, दोर नाही. जुनं घेताना वायररोप मात्र दोन्ही टोकांपर्यंत तपासून घ्यायचा. आम्ही तो पप्पांना दाखवून घेतला.

डिसेंबरमध्ये आम्ही चाचणी घेतली. पाटाच्या पाण्यानं भिजलेल्या कोपऱ्यात दादानं मुद्दाम जीप घातली. मी स्टेपनी पुरली. पहिल्यांदा खड्डा दीड फुटाचाच खणला, कारण हात दुखायला लागले होते. दांड्याचे दहा-बारा हात मारले आणि जीपऐवजी स्टेपनीच वर आली. मामा बांधावर उभे राहून हसत होते. दुसऱ्यांदा पुरता तीन फूट खणला. ओली माती संपून खालची कोरडी, टणक माती लागली. चादर टाकली, सगळ्यांना लांब पाठवलं. मग हाताच्या चाकाजवळचा चिखल फावड्यानं मोकळा केला, टायरची हवा थोडी कमी केली आणि चाकापुढं उसाचं पाचट टाकलं. पन्नास मिनिटं लागली. पण जीप आली, आणि आवाज झाला तो फक्त दांड्याचा.

"पुढच्या पावसाळ्याआधी आठ हजारांची घेऊ," दादा परवा म्हणाला. "आरटीओत विचारून."

तेरा हजार पाउंडांचं नाव त्यानं काढलं नाही. मामांनी मात्र बांधाच्या कडेला, रस्त्यापासून पंचवीस-पंचवीस मीटरवर लिंबाची रोपं लावायला घेतलीत. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "खुंटा नको का?"

खिशात ठेवा: विंच घेण्याआधीची यादी

• भरलेल्या गाडीचं वजन काढा, दीडपट करा, किलोला ०.४५४ नं भागा. आले तुमचे पाउंड.

• त्याच्या लगेच वरचं माप घ्या. उरलेली ताकद कप्पीतून मिळवा.

• बॅटरी आणि अल्टरनेटर आधी तपासून घ्या.

• दगडाळ भागात जास्त फिरत असाल तर पोलादी दोर, चिखल-पाण्यात असाल तर सिंथेटिक. कुठलाही घ्या, पण हातमोजे आणि दोरावर टाकायला जाड चादर हवीच.

• पट्टा, जोडपट्टा, शॅकल आणि कप्पीवर छापलेली ताकद वाचा. सगळ्यात कमकुवत वस्तू हीच तुमच्या विंचची खरी ताकद.

• ताणलेला दोर ओलांडू नका. बघे लोक दोराच्या दीडपट लांब उभे करा. विजेचा खांब हा खुंटा नाही.

• विंच नसेल तरी फावडं, पाचट आणि कमी केलेली टायरची हवा यांनी बऱ्याच गाड्या निघतात. आधी तेच करून बघा.